सत्तर आला कुठून?

निगडीला राहणाऱ्या एक शिक्षिका विशेष शिक्षणाच्या पदविकेसाठी प्रकल्प-निबंध लिहीत होत्या. दिवसा आकुर्डीच्या बाजूला शाळा, संध्याकाळी घर आणि रात्री अभ्यास असा त्यांचा दिनक्रम. निबंध जवळजवळ पुरा झाला होता. "सर, संदर्भसूची तेवढी नजरेखालून घाला," म्हणून त्यांनी वही आमच्याकडे आणून दिली. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. विशेष शिक्षण हा काही आमचा विषय नव्हे. पण शोधनिबंध लिहिण्यात वीस वर्षे गेली आहेत, तेव्हा स्वल्पविराम आणि कंस आपण तपासू शकू, असे वाटून आम्ही वही ठेवून घेतली.

निबंध एका मुलाविषयी होता. वय आठ वर्षे चार महिने. वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर, घरची भाषा ओडिया. मुलाला वर्गात काही येत नाही म्हणून त्याची चाचणी झाली होती. निबंधात वाक्य होते: "बिने-कामत चाचणीनुसार मुलाचा बुद्धिगुणांक ६८ आला. ७० पेक्षा कमी बुद्धिगुणांक असलेले मूल मतिमंद समजले जाते (कामत, १९६७)."

पुढच्या भेटीत आम्ही विचारले, "बाई, कामतांचे पुस्तक पाहिले आहे का तुम्ही?"

"नाही सर. आमच्या सीनियरच्या निबंधात होते, तिथून घेतले."

सीनियरने ते अभ्यासक्रमाच्या एका गाईडमधून घेतले होते. गाईडमध्ये ते एका इंग्रजी पाठ्यपुस्तकातून आले होते आणि त्या पाठ्यपुस्तकात आणखी एका पुस्तकाचे नाव होते. चार पिढ्या झाल्या, पण मूळ पुस्तक उघडल्याचे कोणीच सांगत नव्हते. स्वल्पविराम तपासायचे राहिले बाजूला. हा सत्तरचा आकडा आला कुठून, याचाच माग काढायचा असे बाईंनी आणि आम्ही ठरवले. त्या शोधाची ही हकिगत.

पॅरिसहून मुंबई इलाख्यात

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. सक्तीच्या शिक्षणामुळे सर्व थरांतील मुले शाळेत येऊ लागली होती आणि त्यांतील काहींना नेहमीच्या वर्गात शिकणे जमत नव्हते. अशा मुलांसाठी काय करावे, हे ठरवण्यासाठी १९०४ साली फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ तिचे सदस्य होते. त्यांना पहिली गोष्ट खटकली ती अशी की, एकाच मुलाला एक डॉक्टर एक शिक्का मारतो, दुसरा डॉक्टर दुसराच. आणि दोघेही आपण तो शिक्का कशावरून मारला हे लिहीत नाहीत. म्हणून बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमों यांनी १९०५ साली सोप्याकडून अवघडाकडे जाणारी तीस कामांची मालिका तयार केली. १९०८ साली त्यांनी ती वयानुसार लावली. आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमते ते या मुलाला जमते का, असा तो साधा हिशेब होता.

बिने यांना यातून मुलाच्या कपाळावर कायमचा आकडा कोरायचा नव्हता. बुद्धी ही ठरावीक, न वाढणारी वस्तू आहे, या मताला त्यांनी १९०९ साली आपल्या पुस्तकात स्पष्ट विरोध केला. १९११ साली ते वारले आणि त्यानंतर आकडा आला. दोन वर्षांचे मागेपण चार वर्षांच्या मुलात आणि बारा वर्षांच्या मुलात सारखे नसते, हे ओळखून १९१२ साली जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची सूचना केली. चार वर्षांच्या मुलाचे गुणोत्तर २/४ म्हणजे ०.५०, तर बारा वर्षांच्या मुलाचे १०/१२ म्हणजे सुमारे ०.८३. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत या गुणोत्तराला शंभराने गुणले. बुद्धिगुणांक सर्वांच्या तोंडी झाला तो तेव्हापासून.

हिंदुस्थानात लाहोरच्या सी. हर्बर्ट राइस यांनी बिने-पद्धतीची हिंदुस्थानी मोजपट्टी १९२९ साली प्रसिद्ध केली. पुढचे महत्त्वाचे नाव व्ही. व्ही. कामत यांचे. मुंबई इलाख्यात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा बोलल्या जात. कामतांनी या दोन भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी बिने-मापनाची नवी आवृत्ती बेतली आणि तिच्यावरचा लेख १९३४ साली ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी या नियतकालिकात छापला. लेखाच्या शीर्षकातच 'कानडी व मराठी बोलणारी मुले' असे म्हटले होते. १९४० साली त्यांचे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले आणि १९६७ साली त्याची चौथी आवृत्ती निघाली. बाईंच्या कंसातले '१९६७' ते हेच. म्हणजे ते छापण्याचे साल होते. मुले मोजली गेली होती त्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधी.

हा फरक क्षुल्लक नाही. कामतांनी मुले तपासली तेव्हा पिंपरीत मोठे कारखाने नव्हते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापनाच १९५४ सालची. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली १९७० साली, महापालिका १९८२ साली. चाकण म्हणजे किल्ला आणि कांद्याचा बाजार. त्या काळच्या मराठी व कानडी मुलांवरून बनवलेल्या मोजपट्टीने, दूरच्या प्रांतातून कामासाठी आलेल्या बापाच्या ओडिया मुलाला आज मराठीतून मोजले गेले. कंसातल्या चार अंकांनी हे सगळे झाकून टाकले होते.

एका प्रश्नाची किंमत

आता गणित करू. मुलाचे वय आठ वर्षे चार महिने, म्हणजे बरोबर १०० महिने. बुद्धिगुणांक ६८, म्हणजे मानसिक वय ६८ महिने धरले गेले. या मापनात लहान वयाच्या प्रत्येक वर्षासाठी सहा प्रश्न असतात, म्हणून एका बरोबर प्रश्नाचे दोन महिने मिळतात. या मुलाच्या बाबतीत दोन महिने म्हणजे दोन गुणांक. अडुसष्ट आणि सत्तर यांच्यामधले अंतर फक्त एका प्रश्नाचे होते!

एखाद्या मराठी शब्दाचा अर्थ त्याला कळला असता, किंवा विचारणाऱ्या बाईंचे वाक्य दुसऱ्यांदा ऐकायला मिळाले असते, तर तो रेघेवर आला असता. तीन प्रश्न भाषेमुळे चुकले असतील तर तो ७४ वर गेला असता. प्रयोगशाळेत साधा तराजू वापरतानाही आम्ही मापनापुढे 'अधिक-उणे' इतके इतके, असे लिहितो. मुलाच्या आकड्यापुढे तसे काहीच नव्हते.

दुसरी चूक उलट्या दिशेची. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले की, अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात चाचण्यांवरील सरासरी कामगिरी सुमारे १४ गुणांनी, म्हणजे दर दशकाला जवळजवळ तीन गुणांनी वाढली. जुन्या प्रमाणकांशी तुलना केली की आजचे मूल कागदावर आहे त्याहून हुशार दिसते आणि ज्याला मदत हवी तेच मूल मदतीच्या यादीतून सुटू शकते. फ्लिन यांचा दर जसाच्या तसा पुण्याला लावता येणार नाही. पण एवढे कळते की, भाषेमुळे आकडा खाली जातो आणि जुन्या प्रमाणकांमुळे वर जातो. या दोन चुका एकमेकींना बरोबर काटतील, असे मानायला काहीच आधार नाही.

रेघ सरकते, शब्दही बदलतात

मग ती सत्तरची रेघ कोणाची? चाचणी आकडा देते. कोणत्या आकड्याला काय म्हणायचे हे तज्ज्ञांच्या संस्था आणि सरकारे ठरवतात. त्यांचा इतिहास पाहिला तर रेघ चक्क सरकलेली दिसते. अमेरिकेतील या विषयाच्या प्रमुख संघटनेने १९५९ सालच्या आपल्या पुस्तिकेत सरासरीपासून एका प्रमाण विचलनाने खाली असलेल्यांना व्याख्येत घेतले. प्रमाण विचलन १५ धरले तर ही रेघ ८५ जवळ येते. १९७३ साली तिने ती दोन प्रमाण विचलनांवर, म्हणजे ७० जवळ नेली. प्रसामान्य वक्र शिकवणाऱ्या शिक्षकांना याचा अर्थ लगेच समजेल. पहिल्या रेघेखाली सुमारे १६ टक्के मुले येतात, दुसरीखाली सव्वादोन टक्के. मुले तीच राहिली. फक्त व्याख्या बदलली.

आपल्याकडेही तसेच. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यातील व्याख्या बुद्धीच्या अपुऱ्या वाढीविषयी बोलत होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आला आणि विचार, शिकणे, प्रश्न सोडवणे यांच्या जोडीला रोजच्या व्यवहारातील कौशल्यांतही लक्षणीय मर्यादा असली पाहिजे, अशी दुहेरी अट आली. म्हणजे एकटा ६८ हा आकडा, खरा असला तरी, पुरेसा नाही. मूल दुकानातून सुटे पैसे मोजून आणते का, धाकट्या बहिणीला सांभाळते का, आपले जेवण आपण घेते का, हेही पाहावे लागते. बाईंच्या निबंधात ही माहिती होती. मुलगा दोन रस्ते ओलांडून एकटा शाळेत येई आणि येताना बहिणीला अंगणवाडीत सोडी. फक्त ती माहिती 'कौटुंबिक पार्श्वभूमी' या मथळ्याखाली पडली होती आणि निष्कर्षाशी तिचा संबंध कोणी जोडला नव्हता.

शब्द बदलतात याचा संशोधकाला एक व्यावहारिक धडाही मिळतो. ग्रंथालयात केवळ आजचा शब्द घेऊन शोधले तर जुने साहित्य सापडतच नाही. बौद्धिक अक्षमतेसाठी 'मतिमंद', श्रवणबाधितांसाठी 'मूकबधिर', दृष्टिबाधितांसाठी 'अंध', दिव्यांगांसाठी 'अपंग' हे जुने शब्दही शोधावे लागतात. लिहिताना मात्र आपण आजचा आदराचा शब्द वापरावा आणि जुना शब्द अवतरणचिन्हांत, ज्याचा त्याच्या नावावर ठेवावा.

चुकांचा वंशवृक्ष

एकाचे पाहून दुसऱ्याने लिहिले, हे ओळखावे कसे? याची एक सुंदर पद्धत पुण्यातच वापरली गेली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून वि. सी. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते आणि काम पुरे झाले १९६६ साली. देशभरातून आलेल्या पोथ्यांपैकी कोणती कोणावरून उतरली, हे ठरवायचे तर पाठ पडताळावे लागतात. बरोबर पाठ दोन पोथ्यांत सारखा असला तर त्यावरून फारसे कळत नाही. पण तोच आगळा बदल किंवा तीच चूक दोन्हींत असेल तर त्या एका कुळातल्या. वर्गात दोघांची उत्तरे बरोबर आली तर आपण काही म्हणत नाही, पण दोघांची एकच विचित्र चूक आली की आपण बाकांकडे पाहतो, तसेच हे.

हीच युक्ती मिखाईल सिमकिन आणि वाणी रायचौधुरी या अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००३ साली विज्ञानातील संदर्भांना लावली. भौतिकशास्त्रातील एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख त्यांनी तपासले. त्यांत १९६ ठिकाणी खंड किंवा पान चुकले होते, पण चुकांचे वेगळे प्रकार अवघे ४५. एकच चूक ७८ वेळा आली होती. ७८ माणसे स्वतंत्रपणे तीच चूक करणार नाहीत. ती एकमेकांच्या याद्यांतून उतरली. यावरून त्यांनी अंदाज केला की, संदर्भ देणाऱ्यांपैकी फार तर वीस टक्क्यांच्या आसपास लोक मूळ निबंध वाचत असावेत.

हे वाचून हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्याच एका जुन्या निबंधात आम्ही असा एक उल्लेख दुसऱ्याच्या यादीतून उचलला होता. पुढे एका विद्यार्थ्याने मूळ लेख काढून दाखवला, तेव्हा त्यात आम्ही म्हटले त्याच्या जवळजवळ उलट लिहिलेले निघाले. आमच्या बाबतीत नुकसान एका आलेखापुरते झाले. मुलांविषयीच्या निबंधात ते तेवढ्यावर थांबत नाही.

सिरिल बर्ट यांचे उदाहरण या क्षेत्रातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. १९१३ साली लंडनच्या कौंटी कौन्सिलने त्यांना नेमले. विशेष शाळांत पाठवायची मुले तपासणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. पुढे त्यांनी वेगवेगळ्या घरी वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे अभ्यास प्रसिद्ध केले आणि बुद्धी मुख्यतः उपजत असते, या मताला आधार म्हणून जगभर त्यांचे दाखले दिले गेले. १९५५ साली जोड्या २१ होत्या, १९५८ साली तीसहून अधिक, १९६६ साली ५३. आणि सहसंबंध तिन्ही वेळा ०.७७१! नमुना अडीचपट झाला तरी तिसरा दशांशसुद्धा हलला नाही. हे लेख वर्षानुवर्षे सर्वांच्या समोर होते. लिऑन कामिन यांनी ते शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि १९७४ साली प्रश्न उभा केला. बर्ट तोवर वारले होते. १९७९ साली त्यांच्या चरित्रकाराने, लेस्ली हर्नशॉ यांनी, आकडे विश्वासार्ह नाहीत असा निर्वाळा दिला. १९८९ आणि १९९१ साली बर्ट यांची बाजू घेणारी पुस्तकेही निघाली आणि हेतूविषयीचा वाद राहिला. पण त्या आकड्यांवर आज कोणी इमारत उभारत नाही. कामिन यांना यासाठी नवा प्रयोग करावा लागला नाही. त्यांनी फक्त मूळ लेख काढून वाचले.

संदर्भ म्हणजे पत्ता

लेखकाचे नाव आणि साल कंसात देण्याची पद्धत कुठून आली असावी? एडवर्ड मार्क या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली बागेतल्या गोगलगायीच्या अंड्यांवर लिहिलेल्या निबंधापासून ती सुरू झाली, असे मानतात. मानसशास्त्रज्ञांनी आपले नियम १९२९ साली छापले, तेव्हा ते अवघे सात पानांचे होते. आज त्यांचे जाडजूड पुस्तक झाले आहे आणि बिचारे विद्यार्थी स्वल्पविरामाच्या जागेसाठी गुण गमावतात. नियम पाळावेतच. पण संदर्भ हा पत्ता आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. त्या पत्त्यावर वाचक गेला तर आपण सांगितलेली गोष्ट त्याला तिथे भेटली पाहिजे.

यातून चार सवयी निघतात. मूळ वाचले नसेल तर तसे सांगावे: 'कामत, अमुक पुस्तकात उद्धृत.' यात कमीपणा नाही. न वाचलेले वाचल्यासारखे दाखवण्यात आहे. दुसरे, आवृत्तीचे साल आणि संशोधनाचे साल वेगळे असेल तर दोन्ही द्यावीत. तिसरे, चाचणीचा उल्लेख करताना कोणती चाचणी, कोणती आवृत्ती, कोणत्या भाषेत, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मुलांच्या प्रमाणकांशी ताडून, हे लिहावे. कामतांची चाचणी आणि नागपूरला ए. जे. मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या चाचणीवरून १९६९ साली केलेली भारतीय चाचणी, या दोहोंतून येणाऱ्या आकड्यांना आपण 'बुद्धिगुणांक' हे एकच नाव देतो. पण त्यांची घडण वेगळी आहे. चौथी सवय अलीकडची. आता संगणकाला विचारले की तो क्षणात संदर्भांची यादी रचून देतो, आणि त्यात कधी कधी जगात नसलेले लेखही खऱ्या नियतकालिकांच्या नावाने असतात. जो लेख आपल्याला उघडता आला नाही, तो यादीत घालू नये.

शाळेत हे करून पाहण्यासारखे आहे. मुंबईतील कर्णबधिर मुलांची पहिली शाळा कधी निघाली, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगा. कुणी १८८३ आणेल, कुणी १८८४, कुणी १८८५. प्रत्येकाने आपले साल कुठून घेतले आणि त्या लेखकाने कुठून घेतले, हे फळ्यावर बाणांनी दाखवावे. तासाभरात फळ्यावर वंशवृक्ष उभा राहतो आणि दहा पुस्तकांमागे साधने दोन किंवा तीनच आहेत, हे मुलांना स्वतःच दिसते.

बाईंचे नवे वाक्य

बाईंनी शेवटी ते वाक्य पुन्हा लिहिले. एका ओळीच्या जागी सहा ओळी झाल्या. चाचणी मराठीतून घेतली. मुलाची घरची भाषा ओडिया. प्रमाणके मूळची १९३० च्या दशकातील मराठी व कानडी मुलांची. आलेला आकडा ६८ आणि एका प्रश्नाची किंमत दोन गुण. रोजच्या व्यवहारातील कौशल्यांची नोंद पान अमुक. म्हणून या आकड्यावरून निष्कर्ष काढलेला नाही, भाषेवर अवलंबून नसलेली चाचणी आणि कानांची तपासणी करावी, अशी शिफारस. व्याख्येसाठी त्यांनी २०१६ च्या कायद्याचा दाखला दिला. 'मतिमंद' हा शब्द खोडला.

मुलाची फेरतपासणी व्हायच्या आत वडिलांचे चाकणचे काम संपले आणि कुटुंब दुसऱ्या गावी गेले. या पट्ट्यात असे नेहमीच होते. ठेकेदार बदलला की वर्गातली दोन-चार नावे हजेरीपटावरून जातात. बाईंनी शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर आपल्या सहा ओळींची झेरॉक्स वडिलांच्या हाती दिली आणि नव्या शाळेत आधी हीच दाखवा, असे हिंदीत दोनदा बजावले. नव्या शाळेतल्या गुरुजींना मुलगा माहीत नसेल. त्यांच्यापुढे पहिल्या दिवशी येईल तो कागदच. त्यावर नुसता '६८' असता तर त्यांनी काय केले असते, हे आपण सर्व शिक्षक जाणतो.